अग्निवीर भरतीतले दोन ‘नाही’ : एका रद्द झालेल्या नोकरीचं प्रकरण

हे प्रकरण कुणा एका मुलाचं नाही. भरतीच्या वेळी माहिती लपवल्यामुळे जी प्रकरणं उभी राहतात, त्यांतले नेहमी दिसणारे दुवे जोडून ते मांडलं आहे. कायदा, नियम आणि न्यायनिवाडे मात्र जसे आहेत तसेच दिले आहेत. मुलाला नुसतं ‘उमेदवार’ म्हणू.

उमेदवाराचा जन्म नोव्हेंबर २००३ चा. सप्टेंबर २०२२ मध्ये विसर्जन मिरवणुकीत दोन मंडळांत हाणामारी झाली. एकाच्या डोक्याला लोखंडी पाइप लागला, टाके पडले. पोलिसांनी चौघांवर गुन्हा नोंदवला. भारतीय दंड संहितेची कलमं ३२४ (हत्याराने दुखापत), ३२३ (साधी दुखापत), ५०४ (चिथावणी देणारा अपमान), ५०६ (धमकी) आणि ३४. उमेदवार तिसरा आरोपी. त्याच्या हातात पाइप नव्हता, पण कलम ३४ लावलं की ‘समान उद्देशा’खाली सगळे एका रांगेत येतात. अटक कुणालाच झाली नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस साधारणपणे अटकेऐवजी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४१-अ ची हजर राहण्याची नोटीस देतात (नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच ३५(३) झालं आहे), तशी ती दिली आणि उमेदवाराने सही करून घेतली. पंधरा दिवसांत गावच्या तंटामुक्त समितीसमोर तडजोड झाली. दोन्ही बाजूंनी कागदावर सह्या केल्या, नारळ फुटला, आणि घरात सगळ्यांनी धरून चाललं की विषय मिटला.

तो मिटला नव्हता. दखलपात्र गुन्हा एकदा नोंदला की तो सरकारने चालवायचा असतो. गावचा कागद पोलिसांना बांधील नसतो. त्यातही कलम ३२४ पूर्वी न्यायालयाच्या परवानगीने तडजोडीत मिटायचं. फौजदारी प्रक्रिया संहितेतली २००५ ची दुरुस्ती लागू झाल्यावर ते तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या तक्त्यातून निघालं. खालच्या न्यायालयात फिर्यादी येऊन “माझी काही तक्रार नाही” म्हणाला, तरी खटला आपोआप बंद होत नाही. २०२३ च्या सुरुवातीला दोषारोपपत्र दाखल झालं, समन्स आलं, उमेदवार वडिलांबरोबर तालुक्याच्या न्यायालयात गेला, जामीनपत्रावर सही केली, तारीख घेऊन परत आला. म्हणजे आपल्यावर खटला चालू आहे हे त्याला पक्कं माहीत होतं. पुढे ही गोष्ट फार महागात पडली.

दुसरी गोष्ट खांद्याची. अकरावीत कबड्डी खेळताना त्याचा उजवा खांदा निखळला होता. हाडवैद्याने बसवला. वर्षभराने तो पुन्हा निखळला, तेव्हा दवाखान्यात क्ष-किरण काढून बसवला आणि तीन आठवडे झोळीत बांधला. त्यानंतर दोन वर्षं काही त्रास नाही.

२०२४ च्या लष्कराच्या अग्निवीर भरतीत त्याने अर्ज केला. १ ऑक्टोबर २०२४ ला वय एकवीसच्या आत, म्हणजे साडेसतरा ते एकवीस या मर्यादेत त्याची ही शेवटची संधी होती. ऑनलाइन सामाईक प्रवेश परीक्षा पास. मैदानावर १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत, म्हणजे साठपैकी साठ गुण. दहा बीम (आडव्या दांड्याला लटकून अंग वर ओढणं), म्हणजे चाळीसपैकी चाळीस. नऊ फुटी खड्डा आणि नागमोडी पट्टी पार. मेहनतीत कुठेही उणेपणा नव्हता, आणि म्हणूनच पुढचं वाचताना जीव तुटतो.

कागदपत्रांच्या टेबलाआधी त्याने दोघांना विचारलं. अकादमीतले सर म्हणाले, “अटक झाली नव्हती ना? मग ‘नाही’ लिही.” चुलते म्हणाले, “गावात मिटलंय, वर कोण बघतंय?” चारित्र्य प्रमाणपत्र पोलिसांकडून घेतलं असतं तर गुन्हा तिथेच दिसला असता. सरपंचाचंही चालत असल्याने ते सरपंचाकडून घेतलं. वैद्यकीय तपासणीत जुन्या दुखापती विचारल्या, तेव्हा ‘नाही’. पडताळणीच्या नमुन्यातल्या रकान्यांतही ‘नाही’.

विचारलं काय होतं, आणि उत्तर कशाचं दिलं

या प्रकरणाचा गाभा इथे आहे. पडताळणीच्या नमुन्यात ‘गुन्हा दाखल आहे का’ असा एकच मोघम प्रश्न नसतो. कधी अटक झाली होती का, खटला भरला गेला का, स्थानबद्ध केलं होतं का, बंधपत्र घेतलं होतं का, दंड झाला का, दोषी ठरलात का, आणि हा नमुना भरताना कुठल्या न्यायालयात खटला प्रलंबित आहे का, असे वेगवेगळे प्रश्न असतात. प्रत्येकाचं उत्तर वेगळं द्यायचं असतं. उमेदवाराचं ‘अटक : नाही’ हे उत्तर पूर्णपणे खरं होतं. ‘खटला भरला गेला : नाही’ आणि ‘खटला प्रलंबित : नाही’ ही दोन्ही खोटी होती. सरांनी पहिल्या प्रश्नाचं उत्तर सांगितलं आणि मुलाने तेच सगळ्या रकान्यांत ओढलं. चूक होण्याची ही सर्वांत नेहमीची जागा आहे.

‘बंधपत्र’ या शब्दाकडेही लक्ष हवं. सणावारी पोलीस फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ ची नोटीस देतात (आता १६८). ती नुसती ताकीद असते. कलम १०७ खालची ‘चॅप्टर केस’ (आता १२६) वेगळी. तीत कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर शांतता राखण्याचं बंधपत्र लिहून घेतलं गेलं असेल, तर त्या रकान्याचं उत्तर ‘हो’ असतं. मंडळाचे कार्यकर्ते असलेल्या कितीतरी मुलांना आपल्याकडून नेमकं काय लिहून घेतलंय हेच सांगता येत नाही. तहसील किंवा पोलीस ठाण्यातून नक्कल काढून पाहावी. अंदाजाने ‘हो’ किंवा ‘नाही’, काहीच लिहू नये. अदखलपात्र नोंद, म्हणजे ‘एनसी’, हा खटला नसतो. पण त्यावर पुढे न्यायालयाच्या आदेशाने तपास झाला असेल, तर चित्र बदलतं.

यानंतरचा टप्पा नावनोंदणी अधिकाऱ्यासमोरचा. लष्कर अधिनियम १९५० च्या कलम १३ प्रमाणे त्या अधिकाऱ्याने सेवेच्या अटी वाचून समजावून सांगायच्या असतात. मग नमुन्यातले प्रश्न विचारायचे आणि त्याआधी ताकीद द्यायची की खोटं उत्तर दिलं तर या अधिनियमाखाली शिक्षा होऊ शकते. ती शिक्षा कलम ४४ मध्ये आहे. नावनोंदणीच्या नमुन्यातल्या प्रश्नाला जाणूनबुजून खोटं उत्तर दिल्याचं उघडकीस आलं, तर कोर्ट मार्शलमध्ये, म्हणजे लष्करी न्यायालयात, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. भरतीच्या गर्दीत, रात्रभर जागलेल्या मुलाला ही ताकीद म्हणजे एक उपचार वाटतो. पण ‘मला माहीत नव्हतं’ म्हणण्याचा रस्ता तिथेच बंद होतो.

अटी वाचल्या जातात त्याही नीट ऐकाव्यात. चार वर्षांची नेमणूक, तुकडीतले पंचवीस टक्क्यांपर्यंत पुढे नियमित सेवेत, पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये आणि चौथ्या वर्षी ४०,०००, त्यातले तीस टक्के सेवानिधीत (चार वर्षांनंतर एकरकमी मिळणारा निधी), पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नाही. प्रामाणिकपणा दोन्ही बाजूंनी लागतो, आणि सरकारच्या बाजूचा इथे तोंडावर वाचून दाखवलेला असतो. दलाल किंवा ओळखीचा माणूस याहून वेगळं काही सांगत असेल, तर तो खोटं बोलतोय.

उघड कसं झालं

आधी खांदा. प्रशिक्षणाच्या नवव्या आठवड्यात रस्सा चढताना हात डोक्याच्या वर आणि बाहेरच्या बाजूला फिरलेला असताना सांधा सुटला. यात नवल नव्हतं. विशीच्या आत पहिल्यांदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता फार मोठी असते, कारण सांध्याच्या खोबणीची कूर्चेची कड पुढच्या बाजूने फाटलेली राहते आणि ती आपोआप पहिल्यासारखी चिकटत नाही. बीम मारताना हात सरळ रेषेत असतो, म्हणून मैदानावर काही झालं नाही. रस्सा, अडथळे आणि ग्रेनेड फेकीत हात नेमका त्या नाजूक कोनात जातो. लष्करी रुग्णालयात एमआरआयमध्ये जुनी फाटलेली कड आणि दंडाच्या हाडाच्या डोक्यावरचा जुना खळगा दिसला. डॉक्टरांनी विचारलं, “याआधी कितीदा?” वेदनेत मुलगा खरं बोलला, “दोनदा.” ते रोगेतिहासात लिहिलं गेलं. भरतीच्या वैद्यकीय कागदावर ‘नाही’ होतं. एकाच माणसाची दोन उत्तरं आता दोन सरकारी कागदांवर होती.

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात सांगितलं की सैनिक भरती होताना त्याच्या व्याधीची नोंद नसेल, तर तो सुदृढ होता असं गृहीत धरायचं, आणि पुढे वैद्यकीय कारणाने तो सेवेबाहेर पडला तर बिघाड सेवेमुळे झाला असं मानायचं. तसं नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारवर. सैनिकाच्या बाजूचं हे फार मोठं संरक्षण आहे. लपवलेली व्याधी पुढे स्वतःच्या तोंडून नोंदली गेली की मुलगा ते संरक्षण आपल्या हाताने घालवतो. अग्निवीराला अपंगत्वासाठी मिळणारी एकरकमी मदत (पूर्ण अपंगत्वाला ४४ लाख, ७५ टक्क्यांना २५ लाख, ५० टक्क्यांना १५ लाख रुपये) अपंगत्व सेवेमुळे आलं किंवा सेवेमुळे वाढलं असेल तरच आहे. एखाद्याने आकडी येत असल्याचं किंवा मणक्याची दुखापत लपवली, तर हा फरक त्याच्या उरलेल्या आयुष्याचा असतो.

वारंवार निखळणारा खांदा खरं सांगूनही अपात्रच ठरला असता, हे स्पष्ट सांगायला हवं. पण भरतीला येण्याआधी दोन वर्षं हाताशी होती. एमआरआय करून, अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवून हा सांधा सैनिकी कामाला चालेल का, हे तेव्हाच कळलं असतं. मुलाने दुसरी वाट धरली असती आणि तिसऱ्यांदा सांधा सुटताना आणखी झिजलं असतं ते वाचलं असतं.

खटला तेराव्या आठवड्यात उघडकीला आला. पडताळणीचे कागद जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षक कार्यालयाकडून ठाण्यात जातात. ठाण्याची नोंदवही तर असतेच, शिवाय देशभरातली पोलीस ठाणी जोडणाऱ्या सीसीटीएनएस प्रणालीत आरोपीच्या नावाने शोध घेता येतो. ‘वर कोण बघतंय’ हा चुलत्यांचा हिशोब हाताने लिहिलेल्या नोंदवह्यांच्या काळातला होता. गुन्हा क्रमांक, कलमं, ‘न्यायप्रविष्ट’ असा शेरा मारून अहवाल प्रशिक्षण केंद्राकडे गेला.

कारणे दाखवा नोटीस आली. कुणा वकिलाने लिहून दिलेल्या उत्तरात दोन मुद्दे होते, गावात तडजोड झालेली आहे आणि उमेदवाराला खटल्याची माहिती नव्हती. दुसरा मुद्दा जामीनपत्रावरच्या सहीने एका क्षणात खोटा ठरला. कसम परेड, म्हणजे शपथविधी, अजून व्हायची होती. लष्करी नियम १९५४ मधल्या नियम १३ खाली त्याला सेवामुक्त केलं. कोर्ट मार्शल झालं नाही. प्रशिक्षणार्थींच्या बाबतीत बहुधा प्रशासकीय मार्गच धरला जातो. नोटिशीच्या उत्तरात दुसरं खोटं लिहिणं ही आमच्या मते या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक. पहिल्या खोट्याला वय, घाई, मोठ्यांचा सल्ला अशी कारणं तरी देता आली असती.

न्यायालयं याकडे कसं पाहतात

माहिती लपवली म्हणजे नोकरी गेलीच, इतकं सरळ नाही. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात २१ जुलै २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकष घालून दिले. नमुन्यात जे नेमकं विचारलं आहे तेवढंच उघड करण्याचं बंधन आहे. माहिती उमेदवाराला ठाऊक होती हे दिसलं पाहिजे. कोवळ्या वयातल्या घोषणाबाजीसारख्या क्षुल्लक गुन्ह्यात लपवणं माफ करण्याचा विचार करता येतो. किरकोळ खटला प्रलंबित असल्याचं खरं सांगितलं असेल, तर निकालाच्या अधीन राहून नेमणूक देण्याचा अधिकार नेमणूक करणाऱ्याला आहे. निर्दोष सुटल्याचं खरंखरं सांगितलं, तरीही पूर्ववृत्त तपासून नकार देण्याची मुभा त्याला उरतेच.

२०२२ मध्ये दोन वेगळे निकाल आले. रेल्वे संरक्षण दलाच्या पवन कुमार प्रकरणात न्यायालयाने सेवामुक्तीचा आदेश रद्द केला आणि नुसतं लपवलं म्हणून डोळे झाकून काढता येत नाही असं म्हटलं. केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या सतीश चंद्र यादव प्रकरणात मात्र काढणं कायम ठेवलं. गणवेशाच्या सेवेत खोटेपणाला जास्त वजन दिलं जातं. आपल्या उमेदवाराकडे ‘क्षुल्लक’ म्हणायला जागा कमी होती, कारण कलम ३२४ हे हत्याराने दुखापत करण्याचं, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत.

घटनेच्या दिवशी वय अठराच्या आत असतं तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेलं असतं. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम २४ ने सोळा वर्षांवरच्या गंभीर प्रकरणांचा अपवाद सोडून बालकाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता काढून टाकली आहे. उमेदवार अठरा वर्षं दहा महिन्यांचा होता.

२०२२ मध्येच काय करता आलं असतं

अग्निवीर भरतीची अग्निपथ योजना जाहीर झाली त्याच जूनमध्ये लष्कराने सांगितलं होतं की पोलीस पडताळणी प्रत्येकाची होईल आणि गुन्हा दाखल असलेल्याला प्रवेश नाही. तेव्हा प्रलंबित खटल्यासह खरं सांगून लगेच भरती झाली असती, असा खोटा दिलासा आम्ही देणार नाही. खरं उत्तर त्याच्या त्या वर्षीच्या प्रवेशाला बहुधा आड आलं असतं. म्हणूनच काम भरतीच्या मैदानावर नाही, त्याच्या दोन वर्षं आधी करायचं होतं.

गुन्हा नोंदला गेल्यावर पहिल्या आठवड्यात प्रथम खबरीची प्रत महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून काढता आली असती. फिर्यादी खरोखर तडजोडीला तयार होता, म्हणजे उच्च न्यायालयात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ खाली (आता ५२८) गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करता आला असता. ग्यान सिंग प्रकरणात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की जो गुन्हा खालच्या न्यायालयात मिटवता येत नाही, तोही व्यक्तिगत स्वरूपाच्या वादात तडजोडीवरून उच्च न्यायालय रद्द करू शकतं. त्यासाठी फिर्यादीचं प्रतिज्ञापत्र लागतं. तंटामुक्त समितीचा कागद सोबत जोडता येतो, त्याची जागा घेऊ शकत नाही. सप्टेंबर २०२२ ला तडजोड ताजी होती, माणसं बोलत होती. हे काम तेव्हा सोपं असतं. वर्षभराने फिर्यादी मुंबईला कामाला जातो, पुन्हा नवं भांडण होतं, आणि सही मिळत नाही.

तपासातच गुन्हा गैरसमजातून नोंदला गेल्याचं आढळलं तर पोलीस ‘सी समरी’, किंवा तक्रार खोटी निघाली तर ‘बी समरी’ (तपास बंद करण्याचा अहवाल) न्यायालयात पाठवतात. ती न्यायालयाने मंजूर केली का हे पाहायचं आणि मंजुरीच्या आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल घ्यायची. ‘समरी पाठवली’ आणि ‘समरी मंजूर झाली’ यांत कधीकधी वर्षं जातात. खटल्याची स्थिती ई-कोर्टाच्या संकेतस्थळावर नावाने किंवा गुन्हा क्रमांकाने दिसते. अर्ज भरण्याच्या आदल्या दिवशी ती पाहून छापील प्रत ठेवावी.

गुन्हा रद्द झाला असता तरी ‘कधी खटला भरला गेला का’ या रकान्यात ‘हो’च आलं असतं, जर दोषारोपपत्र त्याआधी दाखल झालं असेल तर. रकाना पुरत नसेल तर ‘सोबत जोडपत्र पाहावे’ लिहून वेगळा कागद लावायचा. मजकूर कोरडा आणि पूर्ण असावा : “पोलीस ठाणे अमुक, गुन्हा क्रमांक अमुक, वर्ष २०२२, कलमे ३२४, ३२३, ५०४, ५०६, ३४. अटक नाही, कलम ४१-अ ची नोटीस मिळाली. दोषारोपपत्र दाखल, खटला क्रमांक अमुक. उच्च न्यायालयाच्या अमुक तारखेच्या आदेशाने गुन्हा रद्द. आदेशाची प्रमाणित प्रत सोबत.” आपण निरपराध कसे होतो याचं वर्णन नको, फिर्यादीवर ठपका नको. जोडपत्रासह सगळ्याची छायाप्रत स्वतःकडे ठेवायची आणि एका मोठ्या माणसाकडेही द्यायची.

वैद्यकीय तपासणीतही हाच शिरस्ता ठेवावा. कोणती दुखापत, कोणत्या वर्षी, उपचार काय, शेवटचा त्रास कधी, एवढं सांगून कागद दाखवायचे. तिथे अपात्र ठरवलं तर लष्करी रुग्णालयात फेरतपासणीची सोय असते. तिची मुदत हातात दिलेल्या कागदावर लिहिलेली असते आणि ती थोड्या दिवसांचीच असते.

आता त्याच्या हातात काय आहे

सेवामुक्तीच्या आदेशाविरुद्ध सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जाता येतं. महाराष्ट्रासाठी मुंबईचं पीठ. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा. तो करताना नोटिशीच्या उत्तरातलं ‘माहिती नव्हती’ हे विधान मागे घेऊन, काय घडलं ते सरळ लिहावं. अवतार सिंगच्या निकषांवर दाद मागायची, तर स्वच्छ हाताने जावं लागतं. खांद्याचा अहवाल समोर असल्याने यश मिळालं तरी वैद्यकीय वर्गवारीचा प्रश्न उरतोच, हे घरच्यांनी आधी समजून घ्यावं. वकिलाच्या पैशाची तजवीज त्यानंतर.

खटला मात्र लगेच हातात घ्यावा, कारण तो पुढच्या प्रत्येक अर्जात आडवा येणार आहे. फिर्यादी अजून तयार असेल तर उच्च न्यायालय, नसेल तर खालच्या न्यायालयात तारखा न चुकवता खटला चालवून घेणं. एक तारीख चुकली की वॉरंट निघतं, आणि वॉरंट निघून पोलिसांनी पकडून नेलं की ‘अटक’ या रकान्यातलं आजवर खरं असलेलं ‘नाही’ही जातं. यापुढे कुठल्याही सरकारी नमुन्यात ‘पूर्वी कुठल्या सेवेतून कमी केलं होतं का’ असा प्रश्न आला की तारीख, आदेश क्रमांक आणि कारण लिहून आदेशाची प्रत जोडावी लागेल. ती प्रत, खटल्याची ताजी स्थिती आणि खांद्याचे सगळे कागद एका फाइलमध्ये लावून त्याने ती फाइल स्वतःजवळ ठेवावी.